ठमी बाहेर जाणार नाही

लोकांनी सांगावं आणि ड्रायव्हरकाकांनी ऐकावं, असं गल्लीत कधी घडलंच नाही. एकतीस वर्षं बस चालवून माणूस घरी बसला, पण चालताना अजूनही दर चार पावलांवर मागे वळून बघायचा. त्यांनी मांजर पाळलं, नाव ठेवलं ठमी, आणि पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, "ही उंबरठा ओलांडणार नाही."

झालं! ज्याला त्याला तोंड फुटलं. शिंपीणबाई म्हणाल्या, "मांजर आहे ते, कैदी नव्हे." इस्त्रीवाला म्हणाला, "काका, पाप लागेल हं." काकांनी दोघांनाही एका दमात गार केलं. "आधी तुमची पोरं सोडा त्या रस्त्यावर, मग माझ्या मांजराचं बघू!"

पण ताई राहायला आली आणि काकांची पंचाईत झाली. आई गेल्यावर ह्याच ताईनं त्यांना लहानाचं मोठं केलेलं; तिच्यापुढे आवाज चढवायची सोय नव्हती. ठमी दिवसभर खिडकीत बसून बाहेर बघायची आणि इकडे ताईचा जीव तुटायचा. चार दिवस तिनं कळ काढली. पाचव्या दिवशी दुपारी काकांचा डोळा लागला, तशी तिनं सरळ दार सताड उघडलं.

काका जागे झाले आणि अनवाणीच रस्त्यावर धावले. ठमी समोर उभ्या असलेल्या टेम्पोखाली चाकाला अंग घासत होती. काका टेम्पोपुढे हात पसरून उभे राहिले. "गाडी चालू केलीस तर याद राख!" टेम्पोवाला बिचारा अजून गाडीत चढलाही नव्हता.

ठमीला छातीशी धरून ते घरात आले, तर ताई कमरेवर हात ठेवून उभी. "अरे, तिला जीव आहे की नाही?"

"जीव आहे म्हणूनच!" काकांचा आवाज चढलाच. "नोकरीचं अकरावं वर्ष होतं, ताई. एका वळणावर मांजर चाकाखाली आलं. मला कळलं, पण गाडीला उशीर झाला होता. मी थांबलो नाही. मागे आरशात एक मुलगी दिसली. फाटकात उभी राहून मांजराला हाका मारत होती. तिला अजून काही दिसलंच नव्हतं गं."

ताई खाली बसली. म्हणाली, "चूक तुझी, आणि कोंडायचं हिला?"

तेवढ्यात ठमीनं काकांच्या हाताला कडकडून चावा घेतला, उडी मारली आणि दारावर नखं घासायला लागली.

काकांनी जाऊन कडी लावली. "हो, हिलाच. खुशाल चावू दे, बोचकारू दे. तू बॅग भरलीस तरी हे दार उघडणार नाही. बरोबर की चूक, ते तू ठरव. मी हाक मारली की ती यायला हवी, बस्स!"

आणि त्यांनी हाक मारली. ठमीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.