रुखवतातली मोटार

माझ्या हातात पहिल्यांदा पटाशी बघितली तेव्हा आमची आत्या म्हणाली, "पोरीच्या हाताला सुतारकाम लागलं, आता हिला कोण पत्करणार?" आत्यालाही एका भल्या माणसाने पत्करलं होतं, त्यामुळे मला फारशी काळजी वाटली नाही.

आमचं घर सापगावच्या अलीकडे, आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. लढाई सुरू झाली तशा रोडवरून लष्करी लॉऱ्या धावायला लागल्या. बाकीच्या मुली धुळीला कंटाळून तोंडावर पदर घेत, मी लॉऱ्यांची चाकं बघत बसायची. घरी येऊन पांगाऱ्याच्या लाकडात तशीच लॉरी कोरायची. पांगारा मऊ, घरात कुणाला त्याची किंमत नाही, म्हणून तो मला मिळायचा. रॉकेलच्या डब्याचा पत्रा, सुताच्या रिळांच्या चकत्यांची चाकं, त्यांना सायकलच्या फाटक्या ट्यूबचे टायर. काजळ आणि नीळ डिंकात कालवली की रंग तयार. नुसती नक्कल मात्र मला पुरायची नाही. एका लॉरीला मी खणाचे पडदे लावले, दुसरीच्या टपावर भाताचे भारे बांधायची सोय केली. पोलीस पाटील एकदा मुद्दाम येऊन बघून गेले. "सरकारी गाडीला पडदे लावलेत, गुन्हा तर नाय ना होत?" असं त्यांनी वडिलांना अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

मग मुरबाडचं स्थळ आलं. त्यांची सर्विस मोटार होती. होती म्हणजे, पेट्रोल कुपनावर गेल्यापासून ती अंगणात विटांवर उभी होती. मालकांचा, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा, रुबाब मात्र अजून मुरबाड-कल्याण फेऱ्या मारत होता. स्थळ पक्कं झालं आणि ज्या घरात माझ्या मोटारी चुलीत घालायच्या धमक्या चालत, त्याच घराला माझ्या हाताचं कौतुक वाटू लागलं. रुखवतात व्याह्यांची मोटार मांडायची, असं फर्मान खुद्द आत्याने काढलं.

मी म्हटलं, "करते. पण माझी हत्यारं मला सासरी न्यायचीत."

"येडी का काय तू?" आई म्हणाली. "सासरी पटाशी नेणार? लोक विचारतील, सून आणलीत का सुतार?"

मला रडू आलं. नवरा कसा असेल याची मला धास्ती नव्हती. तिकडे रिकाम्या हातांनी जन्म कसा काढायचा याची होती.

मोटार मी जीव ओतून केली. खऱ्या मोटारीचा पुढचा दिवा फुटका होता तो माझ्या मोटारीत धड केला, दाराला दोरी बांधलेली होती तिथे पितळेची कडी बसवली. आमच्यात रुखवताचा एक नियम आहे. मांडलेलं सगळं नवऱ्याकडच्या बायका घेऊन जातात, आणि मुलीच्या माणसांनी त्यातलं काही मागे घ्यायचं नसतं, अपशकून होतो. लग्नाच्या दिवशी सगळी हळदीच्या गडबडीत असताना मी करवत, पटाशी, कानस आणि हातोडी पत्रावळीवर मांडली, वर हळदकुंकू वाहिलं आणि पत्रावळ अनारसे आणि करंज्यांच्या मधे सरकवून दिली. आत्याच्या नजरेस ती पडली तेव्हा विहीणबाई समोर उभ्या होत्या.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं.

आत्याचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ कुठली पडायला. "आमच्याकडे पद्धत हाय तशी," ती म्हणाली. "वाहन दिलं की हत्यारं द्यायची. मोटार बिघडली तर?"

मी मुंडावळ्यांच्या आडून हसले. जिंकलेच असं मला वाटलं.

सासरी गेल्यावर कळलं की मामंजींकडेही नियम होता. रुखवताची वस्तू घराण्याची शोभा, ती वापरायची नाही. माझी मोटार ओसरीवरच्या कोनाड्यात गेली. आल्यागेल्याला मामंजी आधी ती दाखवत, मग खरी, आणि खऱ्या मोटारीपाशी फार वेळ थांबत नसत. हत्यारं सासूबाईंनी निमूटपणे उंच खुंटीला टांगली. दसऱ्याला त्यांची पूजा झाली. मी भाकऱ्या थापता थापता त्या पटाशीकडे बघायची आणि आतल्या आत जळायची.

सुटका केली ती सरकारने. पेट्रोलच्या कुपनांसाठी मामलेदारांना खूश करायचं मामंजींच्या मनात आलं. त्यांच्या मुलाला लाकडी मोटार द्यायची ठरली. मामंजी म्हणाले, "सूनबाई, एवढ्या एका मोटारीपुरती हत्यारं खाली काढा. झाली की परत वर."

मी तीन चाकं केली आणि चौथ्याला लागले, तेवढ्यात मामलेदारांची बदली झाली. नवीन साहेबांना उघड्या टपाची मोटार आवडते असं कानावर आलं. मी टप काढला. पुढचे आले ते पावसाला भिणारे, मी टप परत बसवला. "झाली का?" असं मामंजी विचारत. "चाक राहिलंय," असं मी सांगत असे. मोटार तीन चाकांवर राहिली आणि मधल्या काळात तिच्या आडोशाला माझ्या कितीतरी गाड्या तयार होऊन माळ्यावर गेल्या. सासूबाई मिश्री लावत शेजारी बसायच्या. कधी डिंक पुढे करायच्या, बोलायच्या मात्र काही नाही. त्यांना काय कळतंय, असं मी धरून चालले होते.

एका दुपारी कामाच्या तंद्रीत मी चौथं चाक बसवून टाकलं. मोटार चारही चाकांवर उभी राहिली आणि मी खुळ्यासारखी तिला पुढेमागे फिरवत बसले. अंगणात मामंजींच्या वहाणा वाजल्या. सासूबाईंनी हात लांब केला, चाक उपटलं आणि कनवटीला खोचलं.

"झाली का?" मामंजींनी विचारलं.

"कुठची होते," सासूबाई म्हणाल्या. "ह्या पोरीला चाक काय जमत नाय. आणि तुमी सारखं इचारू नका."