तिच्या काचांमधली चांदी

संशय हा माझा स्वभावच. भाजीवाल्याचा तराजूसुद्धा मी वाकून बघते. त्यामुळे कोल्हापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या काचा गॅस सोडताच बोलायला, म्हणजे आकडे दाखवायला लागायच्या आणि माझ्या मख्ख बसायच्या, तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

दोघींची कृती एकच. झिंकच्या क्षाराचं पाणी, थोडा अमोनिया, त्यात स्वच्छ धुतलेली काचेची पट्टी उभी आणि बीकर गरम ओव्हनमध्ये. काही तासांनी काचेवर पांढुरकी साय धरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती साय म्हणजे झिंक ऑक्साइडच्या कांड्या असतात, केसाहून कितीतरी बारीक, दाट वाढलेल्या. त्यांचा गॅस ओळखणारा सेन्सर करायचा. सर म्हणाले होते, "तिचे आकडे तुझ्या हातून आले, तरच तुझा प्रबंध पुढं जाईल." येतच नव्हते.

ती काहीतरी लपवतेय, याबद्दल मला खात्रीच होती. तिनं बाटली उचलली की मी काहीतरी निमित्त काढून मागे जाऊन उभी राहायचे. तिचे आलेख तिच्या नकळत तपासले. ते खरे निघाले, म्हणून जास्तच राग आला. शेवटी तिची एक काच न विचारता तपासणीला लावली. कांड्यांमध्ये चांदी निघाली.

"चांदी घालतेस आणि बोलत नाहीस?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

ती म्हणाली, "घालतोय कुठं? हितलं ॲसिड कायम संपलेलं असतंय. म्हणून कोऱ्या काचा घरात धुऊन आणतो की, आमच्या तेजाबात."

ती हुपरीची, रोज एसटीनं यायची. घरात चांदीचे पैंजण बनवायचा कारखाना. पैंजण उजळायच्या त्या तेजाबात चांदी विरघळलेली असायची आणि काच कितीही खळबळली तरी थोडी चिकटून राहायची. हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी चांदी घालून पाहिली, आकडे आले, प्रबंध तरला. संशय घेतला नसता तर हे कुणालाच कळलं नसतं, असं मी आजही ठणकावून सांगते.

पण त्या दिवसापासून ती बीकर भरायच्या आधी मला हाक मारायला लागली. मी येईपर्यंत बाटलीला हात लावायची नाही. "पुरे गं," मी एकदा अगदी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"न्हाय," ती शांतपणे म्हणाली, "बघूनच जा."