बेचाळिसांच्या मागे

अण्णासो कंडक्टरला माणसं मोजायची खोडच होती. लग्नाच्या पंगतीत बसला तरी आधी पानं मोजणार, मग भाताला हात लावणार. बावीस वर्षं एस.टी.त तिकिटं फाडली त्याचा हा परिणाम, असं त्याची बायको अंजना म्हणायची. तिकिटं आणि डोकी जुळली की त्याचा जीव थंड व्हायचा. आईच्या मांडीवरचं पोर तो मोजत नसे. ज्याला तिकीट नाही ते डोकं नाही, असं त्याचं साधं गणित होतं आणि बावीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

म्हणूनच कळंब्याच्या शाळेतले प्रसेनजीत सर दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून मसाई पठार ओलांडून शाहूवाडीच्या अंगाला उतरायची मोहीम काढत, तेव्हा सगळ्यांत शेवटी चालायचं काम अण्णासोकडं असे. सर यादी घेऊन पुढं, अण्णासो शिट्टी घेऊन मागं. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही, एवढा एकच नियम. इतरांना ही शेपटाची जागा कमीपणाची वाटे. अण्णासो मात्र ऐटीत चालायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या आषाढात यादीवर बेचाळीस नावं होती, अण्णासो धरून. सकाळी पन्हाळ्यावर लख्ख ऊन होतं, पाठीवरच्या सॅक तापल्या म्हणून कॉलेजची पोरं कुरकुरत होती. पठारावर पाऊल ठेवलं आणि पाऊस आला. अर्ध्या तासात थांबला, ऊन पडलं, कपडे वाळतायत तोवर पुन्हा सर आली. मसाई देवीच्या देवळात दुपारची जेवणं झाली. पायथ्याच्या वाडीतली एक बाई डोक्यावर पाटी घेऊन झुणका-भाकरी पोचवायला वर आली होती. तिनंच सगळ्यांना वाढलं आणि अण्णासोच्या हातावर न विचारता तिसरी भाकरी ठेवली. जेवणं उरकली तशी ती पाटी धुवायला पाण्याकडं गेली. ती आता घराकडं उतरंल, असं वाटाड्या गुंडू म्हणाला. तोही तिच्याच वाडीतला. अण्णासोनं डोकी मोजली, बेचाळीस भरली, आणि मोहीम निघाली.

मग धुकं आलं. मसाईचं पठार म्हणजे मैलोगणती सपाटी, खूण धरायला झाड नाही. पुढच्या पोराची सॅक दिसेनाशी झाली, तेव्हा सरांनी एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरायला लावले. चिखलात बुटांचा पचक पचक आवाज, बाकी काही नाही.

आणि अण्णासोच्या मागून हाक आली. "ओ पावणंऽऽ."

या पठारावर चकवा असतो, तो ओळखीच्या आवाजात मागून हाक मारतो, ओ दिली की वाट चुकवून कड्यावर नेतो, ही गोष्ट गुंडूनं सकाळपासून तीनदा सांगितली होती आणि अण्णासो तिन्ही वेळा हसला होता. आता काही हसू येईना. त्यानं शिट्टी मारून रांग थांबवली. सर आणि गुंडू चाचपडत मागं आले. अण्णासोनं प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. बेचाळीस. तेवढ्यात हाक पुन्हा आली, या खेपेला सगळ्यांनी ऐकली. गुंडूचा चेहरा उतरला.

"ओ दिऊ नगासा," तो हळूच म्हणाला. "माणूस असता तर जवळ आला असता की."

सरांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, पण मोजणीवर होता. आपली माणसं सगळी आहेत, पलीकडच्या ओढ्याला पाणी चढायच्या आत चाळीस पोरं खाली न्यायची आहेत, असं ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. रांग हलली.

अण्णासो शे-दोनशे पावलं चालला. आकडा जुळला होता, तरी जीव थंड होईना. मघाच्या भाकरीचा ढेकर आला आणि तो जागच्या जागी थांबला. बाई! ती पाटीवाली बाई घराकडंच उतरली, हे कुणी पाहिलं होतं? यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून त्यानं तिला मोजलंच नव्हतं, आणि मोजलं नव्हतं म्हणून ती राहिली असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली. पुढं होऊन त्यानं सरांना सांगितलं, तुम्ही उतरा, मी बघून येतो. सर नको नको म्हणत असतानाच तो मागं वळला. तो भ्याला नव्हता असं नाही, चांगलाच भ्याला होता. पण पाय मागंच पडत होते.

चिखलात बेचाळीस जणांचे ठसे पुढं गेलेले होते, तो त्यांच्यावरून उलटा चालला. थोड्या वेळानं तेही पावसानं पुसले. "ओ पावणंऽऽ." हाक आता डावीकडून आली, अगदी जवळून. "आलो, आलो," असं ओरडत तो डावीकडं वळला. दहा-बारा पावलं गेला असेल, तोच वारा सुटला, धुकं फाटलं आणि पिवळं ऊन पडलं. त्याच्या बुटापासून दोन हातांवर पठार संपत होतं. खाली पार दरीतली भातखाचरं दिसत होती. हाक त्या मोकळ्या जागेतूनच आली होती.

तो बसकण मारून मागं सरकला. आणि मग पलीकडं, उजव्या अंगाला, ती दिसली. एका खडकाला टेकून, पाटी डोक्यावर उपडी धरून, तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती. अण्णासोनं "मावशी" म्हणून साद घातली. ती हलली नाही. जवळ गेला तसे तिचे डोळे त्याच्या तोंडाकडं न बघता खाली त्याच्या पायांकडं लागले. अण्णासोला कळलं. त्यानं पँट वर करून दोन्ही बूट नीट दाखवले. चवडे पुढंच आहेत हे बघून तिनं पदर तोंडातून काढला.

लेकीकडं जायचं म्हणून ती मोहिमेच्या मागंच निघाली होती. खड्ड्यात पाय मुरगळून बसली, आणि धुक्यातून शिट्टी ऐकल्यावर तर हूं की चूं केलं नाही, चकवा शिट्टीबी मारतो म्हणत्यात.

"मग हाका कशापायी मारत होता?" अण्णासोनं विचारलं.

"मी? मी एक हाक मारली न्हाई. तुम्हीच मारत हुता की, माझं नाव घिऊन."

"कसलं नाव?"

"झुंबरबाई. आवाज तुमचाच हुता पावणं."

हे नाव अण्णासो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. तिच्या हातच्या तीन भाकऱ्या खाऊन त्यानं तिला नाव विचारलं नव्हतं, बेचाळिसांत कुणीच विचारलं नव्हतं. भीतीपेक्षा ती शरम त्याला जास्त बोचली. त्यानं सॅक छातीवर घेतली, झुंबरबाईला पाठीवर घेतलं आणि उरलेल्या उजेडात वाट धरली. उतरणीला लागताना मागून आणखी एक हाक आली. दोघांनीही ऐकली. झुंबरबाईनं त्याचा खांदा घट्ट धरला, आणि खालची वाडी येईपर्यंत तो मागं न बघता उतरत राहिला.

सर ओढ्याच्या काठावर उभे होते. दोघांना बघून त्यांना रडूच फुटलं. मग डोळे पुसून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, सगळे आले ना? अण्णासोला हो म्हणता येईना.

"यादीतले आले," तो म्हणाला.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत आठ-नऊ वर्षं तो मोहिमेच्या शेवटी चालत राहिला आणि खाली उतरल्यावर दर वर्षी त्यानं तेवढंच उत्तर दिलं. पोरं चहाकडं पळायची. अण्णासो पठाराकडं तोंड करून उभा राहायचा. कोण राहिलंय का मागं, म्हणून धुक्यात दोनदा हाक द्यायचा, आणि कुणी ओ देतंय का याची वाट बघायचा.