आमच्याकडे सध्या भांडणं अंगाईच्या चालीवर

मंडळी, आमच्या बाळाच्या दुभंगलेल्या ओठाचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला. टाक्यांवर ताण येतो, म्हणून डॉक्टर म्हणाले, त्याला अजिबात रडू देऊ नका. त्यामुळं घरात आवाज चढवायची सोय न्हाई. सगळी भांडणं अंगाईच्या चालीवर!

आज किल्लारीहून नवऱ्याच्या आत्या बाळाला बघायला आल्या. टेकल्या न टेकल्या तोच मला म्हणाल्या, "ग्रहणात विळी धरली असशील."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी बाळाला मांडीवर झुलवत सुरू केलं, "जो जो रे बाळा, ग्रहणात हिनं सुईला बी हात लावला न्हाई, जो जो. वन्सं, चहा प्या आन् गप बसा, जो जो."

बाळ झोपलं. आत्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

बाळ जन्मलं त्या दिवशी हाच आरोप माझ्यावर सासूबाईंनी केला होता. तेव्हा मात्र ओरडून.