गुलाबी कार्डाचा कोपरा

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं वगैरे विषय कुणी काढला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठते. अजूनही उठते. हे लिहितेय ते काकू म्हणाली म्हणून... "लिहून टाक की एकदाचं, किती दिवस डोक्यात घेऊन फिरणार?" माझं मराठी लिहिणं म्हणजे आनंदच आहे, हैदराबादेत इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली मुलगी मी. काकू मराठी शाळेत शिक्षिका होती, शुद्धलेखन तिने तपासलंय.

आमच्या राज्याचे दोन भाग झाले, तेलंगणा वेगळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. मी एम.ए.ला होते आणि आखातातल्या एका देशात, आपल्या एम्बसीत मला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. देशाचं नाव सांगत नाही. घरात सगळ्यांना कोण आनंद! एकटी काकू गप्प होती.

कारण माझे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्याच देशात गेले होते. माझ्या जन्माच्याही आधी. कुठल्याशा कंपनीत स्टोअर-क्लार्क म्हणून. दोन वर्षं पत्रं आली आणि मग एकदम बंद. कंपनी गुंडाळलेली, चौकशीला उत्तर एकच — नोंद सापडत नाही. काकू तेव्हा पंचविशीची. तेव्हापासून ती ना धड सवाष्ण, ना धड विधवा. हळदीकुंकवाला बोलावलं की ती जायची, आणि बायका ओटी भरताना एकमेकींकडे बघायच्या. मी लहानपणी तिचा पदर धरून जायचे, मला ते दिसायचं. फार राग यायचा.

जामबागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं घर. बाबांनी दिलसुखनगरला फ्लॅट बघून ठेवला होता, पण काकूचं एकच — "भावजी, तुम्ही जावा. मी इथंच राहते. ह्यांना हाच पत्ता ठाऊक आहे." आमच्या दाराला वरून एक कडी आहे, ती कधीच लावायची नाही. का, तर काका जाताना कुलपाची एक किल्ली घेऊन गेले होते. आतून कडी असेल तर किल्लीचा काय उपयोग? बाबा चोरांची भीती घालून थकले. कडी गंजून गेली.

निघायच्या आदल्या दिवशी माझी बॅग भरता भरता काकू म्हणाली, "तिथं नावं लिहून ठेवत असतील की गं. बघशील?"

"बघते."

"आणि आता पत्त्यात राज्य कुठलं लिहायचं? बदललंय ते ह्यांना कळंल का?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

एम्बसी म्हणजे सूट, झेंडे, गुळगुळीत इंग्रजी असं माझ्या डोक्यात. मिळाली ती मागची बिनखिडकीची खोली, खडखडणारा ए.सी. आणि दोन लोखंडी कपाटं भरून गुलाबी कार्डं. नोकरीसाठी आलेल्या माणसांची जुनी नोंदणी. जाड, फिकट गुलाबी कागद, टाइप केलेलं नाव-गाव, उजवीकडे खाली त्या माणसाची सही. "तुम्ही हैदराबादच्या ना? कुठला जिल्हा कुठे गेला ते तुम्हाला कळेल," असं म्हणून साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. आंध्र प्रदेशचं प्रत्येक कार्ड काढायचं, जिल्हा बघायचा, नव्या राज्याचं नाव लिहायचं, दोन गठ्ठे करायचे. नऊ ते पाच. तिसऱ्या दिवशी मान आखडली, पाचव्या दिवशी आपण एम.ए. कशाला करतोय असं वाटायला लागलं.

सोबतीला हमीदसाहेब. म्हातारे क्लार्क, तेही मूळचे हैदराबादचे. त्यांनी एक पद्धत समजावली होती. रद्द पासपोर्टचा कोपरा कापतात ना, तसंच माणूस वारला की त्याच्या कार्डाचा उजवा खालचा कोपरा कापायचा. भारतात परत गेला तर नुसता शिक्का. वारला तरच कात्री.

दुसऱ्या आठवड्यात, रविवारी — तिथे रविवारी ऑफिस असतं — आमचा पत्ता समोर आला. जामबाग, गल्लीचं नाव, घर नंबर. काकांचं कार्ड! शिक्का नाही, कोपरा शाबूत. खाली मराठीत सही, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली. मी कितीतरी वेळ त्या सहीवर बोट ठेवून बसले.

हमीदसाहेब म्हणाले, "मतलब फाइल खुली है अम्मा. न गए, न गुजरे."

मी पत्त्यापुढे 'तेलंगणा' लिहिलं आणि कार्ड कपाटात ठेवलं. काकूला कळवलं नाही. काय कळवणार?

सोमवारी सकाळी काढलं तर कोपरा कापलेला. सहीचं शेवटचं अक्षर शेपटीसकट गायब. कपाटाची दुसरी किल्ली हमीदसाहेबांकडे असायची, म्हणून मी त्यांच्यावरच चढले. ते कावरेबावरे झाले. "मैं कायकू काटूंगा? मौत का कागज आए बगैर हमलोगां कैंची नै उठाते."

खराब कार्डाची नक्कल करायची तिथे पद्धतच होती. मी कोऱ्या गुलाबी कार्डावर सगळं उतरवून काढलं. मंगळवारी तेही कापलेलं. मी इतकी दमले होते की भीतीसुद्धा नीट वाटली नाही, नुसता वैताग आला. बुधवारी तिसरं कार्ड केलं आणि ते माझ्या पर्समध्ये टाकलं. चेन लावली. पर्स मांडीवर घेऊन डबा खाल्ला, कुणी जवळ आलं नाही. जेवून चेन उघडली...

कोपरा नव्हता. पर्स टेबलावर उलटी केली. पेन, रुमाल, किल्ल्या, सगळं पडलं. तो कपटा नाही.

गुरुवारी घरी फोन केला, सहज केल्यासारखा. काकू इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "कुंकवाच्या करंड्यात कागदाचे कपटे मिळायलेत गं. तीन दिवसांत तीन."

"कसला कागद?"

"गुलाबी आहे. जाड. तू जेवतीस ना वेळेवर?"

उरलेले दिवस कसे काढले ते विचारू नका. मूळ कार्ड तिथेच ठेवलं, नकला दोन्ही बरोबर आणल्या. विमानात ठरवलं, काकूला काही सांगायचं नाही. त्या कोपऱ्याचा अर्थ तिला कळायला नको. बिचारीने एवढी वर्षं काढली ती एका आशेवर, ती मी कोण मोडणार?

घरी आले त्या दुपारी बाबा कामावर होते, आई झोपली होती. काकूने करंडा आणून माझ्यासमोर ठेवला आणि तीन त्रिकोण ओळीने मांडले. दोन कोरे होते. मी पर्समधली कार्डं काढली... हात आपोआपच गेला... आणि कपटे लावून बघितले. कापाला काप बसला. तिसऱ्यावर फिकट निळ्या शाईत एक अक्षर होतं, शेपटी वर वळवलेलं.

"ही शेपटी ह्यांची," काकू म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी ओळखली. आता सांग, हा कोपरा कधी कापतात?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, की नाही जमलं. सांगितलं सगळं.

ती एकदम भडकली. "होते तेव्हा एक पत्र टाकवलं नाही ह्यांना! आणि आता तीन-तीन चिठ्ठ्या!" आणि हसायलाच लागली. हसता हसता रडली, मीही रडले. एवढं रडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग तोंड धुऊन तिने खोबरेल तेलाची बाटली आणली, स्टूल घेतलं आणि दाराच्या कडीत तेल सोडलं. "ये, जरा जोर लाव." कडी हलेना. आम्ही दोघींनी मिळून ती रेटून बसवली. काकू आत जाऊन पडली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. तिला दुपारी झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

नंतर बाबांनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, मृत्यूची नोंद नाही. म्हणजे कागदोपत्री काका अजून हयात आहेत. कोपरे कुणी कापले, समुद्रापलीकडून करंड्यात कसे आले, मला माहीत नाही. हुशार लोकांना विचारून झालं, प्रत्येकाने वेगळंच सांगितलं, एकही पटलं नाही. काकू कुंकू अजून लावते, आणि का लावते ते विचारायची आमच्यात कुणाची टाप नाही.

कडी मात्र आता रोज लागते.