चौथं कडवं

अ‍ॅन्सेल क्वामिनाच्या सलूनची फरशी दाराकडे उतरती होती. ला ब्रेआ गावात जमिनीखालचं डांबर सरकतं, घरं कलतात, आणि कुणी ते फारसं मनावर घेत नाही. सांडलेलं पाणी आपोआप रस्त्यावर जायचं, तेव्हा पुसण्याचे कष्ट वाचले, एवढंच अ‍ॅन्सेलचं त्यावर मत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःच खुर्चीत पाय पसरून पडायचा. उन्हात डांबराचा वास चढायचा, पंखा कुरकुरायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच कुठूनतरी चाल यायची. पडद्याआड एखादी बाई कपड्यांच्या घड्या घालता घालता गुणगुणतेय, अशी. तो हलायचा नाही. हललं की चाल पळते, असं त्याचं म्हणणं.

कार्निव्हलच्या हंगामात तो लॉर्ड रेझर व्हायचा. कॅलिप्सो, म्हणजे गावाची टर उडवणारी नाचती गाणी, गाणाऱ्याला असं एक भारदस्त नाव लागतंच. मंत्र्यांची पोटं, पाद्रीबुवांची मोटार, नळाला न येणारं पाणी, सगळ्यांची त्यानं वर्षानुवर्षं टर उडवली. लोक पोट धरून हसायचे आणि डोक्यावर मात्र दुसऱ्याच गायकाला घ्यायचे. साठी उलटली तरी ही गाणी जिथं व्हायची त्या तंबूतला शेवटच्या गाण्याचा मान त्याला मिळाला नव्हता. तंबू म्हणायचा, होता शाळेचा हॉल. तरी ते त्याला फार लागायचं, आणि लागत नाही असं तो गावभर सांगत फिरायचा.

त्या वर्षी आलेली चाल साखरेसारखी गोड होती. तिच्यावर येऊन बसले ते शब्द मात्र काळेकुट्ट होते.

शेजारच्या मिस हायसिंथचा मुलगा केंडेल आदल्या वर्षी एका पहाटे रस्त्याकडेच्या गटारात मेलेला सापडला होता. गाडीनं उडवलं होतं. जीप कंत्राटदार बोस्लंडची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच काही पाहिलं नव्हतं. केंडेलचं पहिलं जावळ अ‍ॅन्सेलनंच कापलं होतं.

मेलेल्याचं नाव गाण्यात घ्यायचं तर आधी त्याच्या घरी जाऊन गाणं ऐकवायचं, अशी जुन्या गायकांची रीत. अ‍ॅन्सेल गेला. मिस हायसिंथ चुलीपाशी नारळ खवत होती. टेबलावर बोटांनी ताल धरून तो गायला:

कुणी पाहिलं का, कुणी पाहिलं?
रस्त्याकडेला पोर कुणाचं राहिलं?

"चाल नाचायची आहे रे," ती म्हणाली.

"नाचायची असली तरच ऐकतात, मिस हाय. रडकी चाल लावली की लोक बिअर आणायला उठतात."

"चौथं कडवं परत म्हण."

त्यात बोस्लंडचं नाव होतं. त्यानं परत म्हटलं. तिनं नारळ खाली ठेवला.

"गा. पण पुरतं गा. अर्धं गाणार असशील तर माझ्या पोराचं नाव तोंडात घेऊ नकोस."

"शब्द दिला," अ‍ॅन्सेल म्हणाला.

तंबूचा चालक पास्कल तालमीत गाणं ऐकून खूश झाला, आणि चौथ्या कडव्याला पांढरा पडला. "अरे बाबा, तंबूचे दिवे बोस्लंडच्या पैशावर लागतात. तीन कडव्यांत गाणं झक्कास होतंय की. तीनच म्हण, शेवटचा मान तुझा."

"बघू," अ‍ॅन्सेल म्हणाला. असं 'बघू' म्हणणाऱ्यानं मनात केव्हाच होकार दिलेला असतो. त्यानं तीनच कडवी गायली, आणि लोकांनी बाकं बडवून त्याला पुन्हापुन्हा गायला लावलं.

मग ते गाणं त्याच्या हातात राहिलंच नाही. कार्निव्हलच्या मंगळवारी भोंगे लावलेल्या ट्रकवर वादक तेच वाजवत होते. भर दुपारचं ऊन, हवेत तरंगणारी पिसं, चमकीनं माखलेल्या पाठी, आणि रस्ता पायाखाली मऊ झालेला. सगळा गाव झोपेत चालावा तसा डुलत पुढे सरकत होता. अ‍ॅन्सेल कडेकडेनं चालत होता. हे आपणच लिहिलं की कुठे ऐकलं, हे त्याला क्षणभर कळेना. सुखानं त्याचे डोळे मिटत होते.

ट्रक मिस हायसिंथच्या घरासमोर आला. ती पडवीत खुर्चीवर बसली होती. पोर कुणाचं राहिलं, असं म्हणत शेकडो माणसं हात वर करून कंबर हलवत होती. ती वाट पाहत होती. तिसरं कडवं संपलं आणि वादक पुन्हा धृपदाकडे वळले. तेव्हा ती उठून आत गेली. कललेल्या घराचं दार लागेना, म्हणून ते तिनं आतून हातानं दाबून धरलं. तिची चार बोटं अ‍ॅन्सेलला फटीतून दिसत राहिली. सुख तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस. त्या दिवसापासून कॅलिप्सो बंद, रेडिओसुद्धा भजनांवर येतो. रस्त्यात पिसं पडली होती आणि माणसं कपाळाला राख लावून चर्चमधून परतत होती. पडवीत बसलेल्या मिस हायसिंथसमोर अ‍ॅन्सेल पायरीशी उभा राहिला.

"पुढच्या वर्षी पुरतं गाईन, मिस हाय."

"पुढच्या वर्षी ही चाल कोण ऐकतंय? आता गा."

"आज? लोक तोंडात शेण घालतील. उपासाचे दिवस लागले."

"माझ्या घरात गेल्या वर्षापासून तेच चाललेत," ती म्हणाली. "गा."

अ‍ॅन्सेल गायला. ताल नाही, वाद्य नाही. आवाज घोगरा झालेला. तीन कडवी होईतो फाटकाबाहेर माणसं थांबली. कुणी चुकचुकलं, कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. मग तो चौथ्यावर आला:

जीप थांबली पांढरी, दिवा तिचा फुटला,
बोस्लंड उतरला, वाकला, आणि सुटला.

अ‍ॅन्सेलनं धृपद घेतलं. कुणी पाहिलं का, कुणी पाहिलं? इथं लोकांनी उचलायचं असतं. काल सगळ्या गावानं उचललं होतं. आज कुणी तोंड उघडलं नाही.

रूकमिन रामसारन गर्दीच्या मागे उभी होती. ती कोपऱ्यावर डबल्सची, म्हणजे छोले भरलेल्या पुऱ्यांची, गाडी लावते, रोज उजाडायच्या आधी, केंडेल सापडला त्या गटाराच्या बरोबर समोर. हाताचं तेल तिनं कमरेच्या फडक्याला पुसलं आणि माणसांना बाजूला सारत ती फाटकाशी आली.

"मी पाहिलं," ती म्हणाली.

मिस हायसिंथनं उठून फाटक उघडलं.