डाव्या घोट्यावर तीळ

प्रमाणित करण्यात येते की, श्री. खुशाल सेवकराम बन्सोड, वय वर्षे २२, मु. पो. दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, यांचा डावा पाय गुडघ्याच्या खाली नाही. अपंगत्व साठ टक्के, स्वरूप कायम, सुधारणेची शक्यता निरंक. सदर इसम धावणे, उड्या मारणे तसेच कोणत्याही शर्यतीत भाग घेणे यांस असमर्थ आहे. ओळखीची खूण : डाव्या घोट्यावर तीळ.

कागदावर एक गोल शिक्का आणि तीन सह्या आहेत. खुणेचा रकाना आला तेव्हा कारकुनाने मान खाली घालूनच विचारले, "खूण?" खुशालची आई अन्नपूर्णाबाई शेजारी उभी होती. ज्या पोराला तिने न्हाऊमाखू घातले त्याच्या अंगावर एकच तीळ होता, आणि तो कुठे होता ते तिने खरे सांगितले. कारकुनाने ते खरे लिहून घेतले. रांग मोठी होती. मान वर करून बघण्याची सोय नव्हती.

शर्यतीस असमर्थ होण्याआधी खुशाल धुरकरी होता, म्हणजे शंकरपटात बैलजोडी हाकणारा. धान कापून शेतातल्या बांध्या रिकाम्या झाल्या की पट भरतो. बैलांमागे छकडा असतो. दोन चाके आणि एक दांडा एवढाच त्याचा संसार. धुरकऱ्याच्या हातात तुतारी, टोकाला खिळा ठोकलेली काठी. खिळ्याने भागले नाही तर शेपटी दातांत धरायची. खुशालच्या तोंडात पटाच्या दिवशी जेवणापेक्षा बैलाचे रक्त जास्त जाई, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

जोडी शिवलाल पाटलांची होती. शिवलाल हा बावीस एकरांचा पोवार शेतकरी, मिशीवाला, तोंडाने फाटका. धाकट्या मुलाचे लग्न त्याने पटाची तारीख आडवी आली म्हणून पुढे ढकलले होते.

जानेवारी २००८. जोडी सुटली आणि निम्म्या वाटेत खुशालचा डावा पाय दांड्यावरून घसरून चाकात गेला. चाक थांबले नाही, कारण बैल थांबले नाहीत, आणि बैल थांबले नाहीत कारण खुशालने कासरा सोडला नाही. धानाच्या धसकटांवरून तो पाठीवर घासत गेला. धसकटे विळ्याने तिरपी कापलेली असतात. प्रत्येकाने आपापला वाटा घेतला. पाय चाकाबरोबर फिरत होता. नडगी मोडल्याचा आवाज पंचांच्या मंडपात ऐकू आला, असे पंच पुढे कौतुकाने सांगत. लोक ओरडत होते, पण कोणत्या जोडीसाठी ते कळत नव्हते. जोडीने रेघ ओलांडली. घड्याळ थांबले. पहिला नंबर.

"बैलाले लागलं का?" शिवलालने धावत येऊन आधी विचारले. मग खाली पाहिले आणि तिथेच ओकला.

गोंदियाला डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला आणि युरियाच्या पोत्यात घालून नातेवाइकांच्या ताब्यात दिला. अन्नपूर्णाबाई पोते बघून खाली बसली ती उठेना. पोते शिवलालने उचलले. पटाचा बैल मेला की त्याला दहा किलो मिठासकट बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली पुरायचे, ही त्याच्या घरची रीत. त्याला दुसरी रीत माहीत नव्हती.

त्यानंतर सहा वर्षे खुशाल रेशनच्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसला. बसून बसून त्याने तीन जणांना मारले. एकाने "लंगड्या" म्हटले म्हणून, दुसऱ्याने "बिचारा" म्हटले म्हणून. तिसरा काहीच बोलला नव्हता. त्याने फक्त कुबडी बाजूला सरकवून ठेवली होती. त्याच्या भुवईवर चार टाके पडले. धावणाऱ्या गोष्टीवर आपण पुन्हा बसणार नाही, हे खुशालला कळले होते, आणि ते तो गावाला हप्त्याहप्त्याने कळवत होता.

२०१४ साली पटावर बंदी आली. शिवलालची जोडी शेणखत वाहू लागली. महिनाभर तो गोठ्यात शिव्या देत बसला, आणि एक दिवस नागपूरला शिकलेल्या पोराची गिअरची सायकल खांद्यावर घेऊन ओट्याशी आला.

"हे चालव."

"कायले?"

"नागपूरले अपंगांच्या सायकलीची शर्यत हाय. पेपरात आलं. पहिले तीन महाराष्ट्राकडून जातेत."

"मले एक पाय हाय, पाटील."

"माह्या बैलायले आठ होते. त्यायनं का उजेड पाडला, शेन वाहून राहिले!"

खुशालने शिवलालच्या कानफटात मारली. शिवलालने उलट मारली. ओट्यावरच्या मंडळींनी सोडवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर होते.

शिबिरात मिळालेला रबरी जयपूर पाय ट्यूबच्या पट्टीने पायडलला करकचून बांधायचा. पडले की सायकलसकट पडायचे, कारण सुटायची सोय नाही. पहिल्या आठवड्यात खुशाल अकरा वेळा पडला, दोनदा नहरात. मागून मोटारसायकलवर शिवलाल आणि त्याच्या हातात तुतारी. शर्यतीची तयारी याहून वेगळी असते हे दोघांनाही ठाऊक नव्हते. वेग कमी झाला की खिळा मांडीत. अन्नपूर्णाबाई रोज पोराची पॅन्ट धुताना मागच्या रक्ताच्या टिकल्या मोजायची.

"पाटील, बैल नोहे तो," ती एकदा म्हणाली.

"बैल असता त येवढं बोललो नसतो," शिवलाल म्हणाला.

कापलेल्या पायाचा ठुठा सोलून निघायचा. जयपूर पायाच्या वाटीत रक्त साचले की खुशाल ती पाण्यासारखी उपडी करायचा आणि पुन्हा चढवायचा. ओट्यावर मात्र त्याने त्या वर्षात कुणालाही मारले नाही. वेळ नव्हता.

डिसेंबर २०१५. नागपूर. कागद तपासणाऱ्या टेबलावर सुशिलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्या काम चोख करत.

"ओळखीची खूण. डाव्या घोट्यावर तीळ. दाखवा."

"तो पाय नाई, बाई."

"ते मला दिसतं. पण खूण जुळल्याशिवाय शर्यतीत उतरवता येत नाही."

खुशालची मूठ वळली. वर्षभराचा घाम, अकरा वेळा पडणे, वाटीतले रक्त, सगळे त्या टेबलापाशी संपणार होते. त्याने पट्टी सोडली आणि जयपूर पाय धाडकन टेबलावर ठेवला. बाई मागे सरकल्या, मग चष्मा सावरून वाकल्या.

"यावर तीळ नाही."

शिवलालने त्यांचाच बॉलपेन उचलला आणि रबरी घोट्यावर ठिपका काढला. "आता?"

बाईंनी कागद पाहिला, घोटा पाहिला, आणि रकान्यात बरोबरची खूण केली.

चार किलोमीटरचा रस्ता चार वेळा फिरायचा होता. नऊ जण होते. शिट्टी वाजली आणि खुशाल पटात सुटतात तसा सुटला. बाकीचे एकमेकांच्या आडोशाने, दम राखून चालले होते. त्याला ते आजारी वाटले. पहिल्यांदा रेघ आली तेव्हा तो इतरांच्या दोनशे मीटर पुढे होता. रेघ ओलांडली आणि त्याने ब्रेक दाबला.

शिवलाल घोंगडे घेऊन धावला. ते त्याने खुशालच्या पाठीवर टाकले, तोंडात गुळाचा खडा कोंबला, आणि मांड्यांना जवसाचे तेल चोळू लागला. पटात जोडी एकदा धावली की सोडतात. दुसरी धाव दुपारी, तिसरी दुसऱ्या दिवशी. बैलांना लागोपाठ कोण पळवतो?

"अहो, थांबला का हा?" पंच ओरडत आला.

"एक धाव झाली. आराम करून राहिला. बाकी तीन कधी हायेत, दुपारी का?"

बाजूने आठ सायकली एकामागून एक सर्रकन निघून गेल्या.

"दुपारी? अहो, आत्ता! सलग!"

शिवलालच्या हातातून तेलाची शिशी पडली. खुशालने गूळ थुंकला. सहा वर्षांचा ओटा त्याला समोर दिसत होता, रेशनच्या दुकानाच्या पाटीसकट. "काऊन सांगतलं नाई बे मले!" तो ओरडला, नेमका कुणाला ते त्याला माहीत नव्हते. आणि शिवलालला एकच गोष्ट येत होती. त्याने पिशवीतून तुतारी ओढली आणि पंचासमोर खिळा मांडीत घातला, या वेळी टिकलीपुरता नाही.

खुशाल हंबरला. सायकल निघाली.

दुसऱ्या चकरीत त्याने दोघांना गाठले, तिसऱ्यात आणखी तिघांना. वाटीतून रक्त पायडलवर, पायडलवरून चाकावर आणि चाकावरून मागच्याच्या तोंडावर उडत होते. मागच्याने त्याबद्दल तक्रार नोंदवली आहे. ठुठ्याचे हाड वाटीत आपटत होते, आणि प्रत्येक आपट्याला त्याला नडगी मोडल्याचा तो जुना आवाज ऐकू येत होता. तेव्हाही सोडले नव्हते. शेवटच्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या नंबरवर एक दांडगा गडी होता, एका हाताचा. खुशाल त्याच्या कानाशी आला आणि पोटातून पटाची आरोळी काढली. ती आरोळी ऐकून बैल जिवाच्या आकांताने पळतात. माणसाला सवय नसते. गड्याचे चाक डगमगले, तो रस्त्याकडेच्या गिट्टीवर खांद्यावर आपटला आणि लोळत गेला. गळ्याजवळचे हासळीचे हाड मोडले.

हरकत घेण्यात आली. पंचांनी नियमांचे पुस्तक अर्धा तास चाळले. धक्का मारण्यास मनाई होती, अडवण्यास मनाई होती. ओरडण्याविषयी काही लिहिलेले नव्हते. तुतारीविषयीही नव्हते, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला ती सुचली नव्हती.

तिसरा नंबर कायम झाला.

दवाखान्याच्या गाडीत खुशालच्या मांडीला टाके घालत होते. शिवलाल दाराशी उभा राहून हाताचे तेल धोतराला पुसत होता.

"दुखते का बे?"

"नाई."

"मंग रडून काऊन राहिला?"

"तुमी काऊन रडून राहिले?"

सुशिलाबाई निवडीचा अर्ज घेऊन आल्या. रबरी घोट्यावरचा ठिपका रक्ताने धुऊन गेला होता. त्यांनी तो पाहिला नाही, मागचाच कागद समोर ठेवून अर्ज भरला. श्री. खुशाल सेवकराम बन्सोड, महाराष्ट्र संघ, अपंगत्व साठ टक्के, कोणत्याही शर्यतीत भाग घेण्यास असमर्थ, ओळखीची खूण डाव्या घोट्यावर तीळ, पडताळणी केली.

डावा घोटा जानेवारी २००८ पासून दवनीवाड्याला शिवलालच्या बांधावर, मोहाखाली, दहा किलो मिठात आहे.